हिन्याचा फाया
थंडीत हिन्याच्या अत्तराची कुपी उघडली की मला रायपूरची ती डिसेंबरमधली संध्याकाळ आठवते. आई जन्मभर भजनी मंडळात गायलेली. तिथे सगळ्यांची चाल एकच. साठीनंतर ती माझ्यासोबत समूहगायनात आली, आणि चर्चमधल्या एका जुन्या गीतात, जिथे दोन चाली एकाच वेळी गायच्या होत्या, तिच्या वाट्याला खालची, वेगळी चाल आली. शेजारी उभ्या बायकांचा आवाज कानावर पडला की ती हमखास त्यांच्या चालीवर जायची. "आंटी, अब की बार बहकीं तो नीचे बैठना पड़ेगा," गाणं बसवणारे सर हसत म्हणाले, पण खाली श्रोत्यांत बसवायची ती धमकी खरी होती. कार्यक्रमाआधी तिनं हिन्यात भिजवलेला कापूस दोन्ही कानांत ठासून भरला. "आता मले कोणी बिघडवून दाखवा." आणि डोळे मिटून तिनं आपली चाल शेवटपर्यंत धरली. फक्त कापसामुळे ती जरा मागं पडली होती. गीत संपवून सगळे थांबले, अन् भरल्या सभागृहात आई एकटीच गात राहिली. समोर उभं राहून इशारे देणाऱ्या सरांनी हात खाली आणला नाही. तिची ओळ संपेपर्यंत तो हवेतच धरला. डोळे उघडून ती मागे उभ्या माझ्याकडे वळली, "काहून थांबले बापा सारे?" "शेवट तुझ्यासाठीच ठेवला होता," मी तिच्या कानातला कापूस काढत म्हणालो. अजूनही दर थंडीत ती पाहुण्यांना शेवट खास तिच्यासाठी कसा ठेवला होता हे रंगवून सांगते, आणि मी गंभीरपणे मान डोलावतो.