टपावरचा तंबू आणि बाजूची ताडपत्री

आमच्या जुन्या जीपच्या टपावरच्या लोखंडी कॅरियरवर नवऱ्याने स्वतः तंबू बसवला होता. सासूबाईंना गुडघ्यांमुळे शिडी चढता येत नसे. त्यांना खाली सावली हवी म्हणून त्याच कॅरियरला गुंडाळता येणारी ताडपत्री जोडायचं त्याने दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात ठरवलं.

ती जोडून देताना नाशिकच्या अंबडमधला वेल्डर मला म्हणाला, "ताई, वजनाचं काय नाय. पण खालून वारं शिरलं तर ती सगळं कॅरियर ओढंल. हिला वेगळा आधार द्या."

मी ते नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "एकदा जाऊन तर येऊ."

सुरगाण्यापर्यंत मी खिडकीतून मान काढून कॅरियरचे बोल्टच बघत होते.

दुपारी एका टेकाडावर थांबलो. नवरा वर तंबूत आडवा झाला, सासूबाई ताडपत्रीखाली सुरीने भाजी चिरत बसल्या. मी सारखी उठून बोल्ट चाचपत होते.

"बस गं जरा, तुला बघून मलाच धडधडतंय," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात वावटळ आली. ताडपत्री फुगली, कॅरियर करकरलं आणि तंबू एका बाजूला कलला. मी सासूबाईंना मागे ओढलं आणि त्यांच्याच हातातल्या सुरीने ताडपत्रीचे जमिनीला बांधलेले दोर कापले. ताडपत्री उलटून टपावर गेली, तंबू जागीच राहिला. नवरा शिडीवरून उतरला आणि त्याने कॅरियर हलवून पाहिलं. कॅरियरचे दोन बोल्ट निखळले होते.

परत येताना आम्ही थेट वर्कशॉपमध्ये गेलो. माझ्याकडे बोट करून तो वेल्डरला म्हणाला, "आधार कुठे द्यायचा ते हिला विचारा."