ड्रॉवरमधली जुनी टेप

मास्तरांचं शिलाईचं दुकान आणि शेजारचं घड्याळदुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, तीही फळ्यांची. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे ऐकू यायचं. बावीस वर्षं दोघं शेजारी होते, आणि एक वाजला की दोन्ही शटरं अर्धी खाली यायची. घड्याळवाला आपला डबा घेऊन मास्तरांच्या कापायच्या टेबलाशी येऊन बसायचा. मग पाऊण तास त्या टेबलावर कापडाचा विषय नाही. मास्तर त्याला घड्याळ्या म्हणायचे. तो त्यांना मास्तरच म्हणायचा, पण गल्ली मात्र डबल मास्तर म्हणायची, कारण त्यांच्या एका शर्टाला दोन माणसांचं कापड लागायचं. मास्तरांना त्याचं काही वाटत नाही, असंही गल्लीच म्हणायची. म्हणायला काय जातंय?

खाण्यात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्न केलं नाही, आई होती ती जाऊन नऊ वर्षं झाली, आणि घर म्हणजे दुकानावरची एक खोली. दिवसभर कुणाचा खांदा मोज, कुणाची छाती मोज, आणि संध्याकाळी वर जाऊन एकट्यानं पातेलं समोर घेऊन बस. पातेलं संपेपर्यंत बरं वाटायचं. शेवटी गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, मशीनचं पायडल मारताना धाप लागायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन करून पोटच लहान करू. मास्तर हो म्हणाले. दीड वर्षात बावन्न किलो उतरले.

गल्लीनं काय कौतुक केलं म्हणता! रस्त्यात थांबवून थांबवून लोक विचारायचे, मागं वळून बघायला सांगायचे. मास्तर आपलेच शर्ट दर महिन्याला आत घेत होते आणि उरलेलं कापड बघून खूश होत होते. पण कौतुक चार-सहा महिने टिकतं. मग लोकांना वाटायला लागतं, हा माणूस आधीपासून असाच होता.

तेवढ्यात एकची पंगतही मोडली. मास्तरांचं जेवण म्हणजे आता चार चमचे. आधी उकडलेलं अंडं, मग जमलं तर दोन घास भाजी, प्रत्येक घास चावून चावून, आणि वर अर्धा तास पाणी नाही. दहा मिनिटांत त्यांचं आटपायचं आणि पुढचा अर्धा तास ते घड्याळ्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. मुद्दाम नव्हे हो, नजर जायची. एक दिवस घड्याळ्या डबा बंद करत म्हणाला, "मास्तर, मी आता तिकडेच खात जाईन. एकच्या सुमाराला गिऱ्हाईक येतं रे हल्ली."

गिऱ्हाईक कसलं येतंय. एक वाजला की भिंतीपलीकडे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा, मग चमच्याचा, आणि बाकी सगळं शांत. मास्तर अलीकडे आपली चार चमच्यांची वाटी घेऊन ते ऐकत बसायचे.

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की पोट लहान केलंय, डोकं होतं तेवढंच आहे. ते डोकं दुपारी तीनच्या सुमाराला जागं व्हायचं. भूक नव्हे ही. भूक लागली तर माणूस अंडं खाईल. हिला अंडं चालत नाही, हिला गोड लागतं आणि मऊ लागतं. मास्तरांना लवकरच कळलं की पाव घशात अडकतो, मांस अडकतं, पण चहात बुडवलेलं बिस्कीट, आइस्क्रीम, ट्यूबमधलं घट्ट गोड दूध, हे सगळं गुपचूप सरकतं. ट्यूब मशीनच्या ड्रॉवरमध्ये गेली, बटणांच्या डब्यामागे. पहिल्यांदा अर्धी संपवली तेव्हा छाती धडधडायला लागली, दरदरून घाम फुटला, आणि ट्रायलच्या पडद्यामागे लादीवर तासभर पडून राहावं लागलं. तेव्हा कानाला खडा लावला. तो खडा आठ दिवस टिकला. मग त्यांना थोडं थोडं, दिवसभर खायची युक्ती सापडली.

वजनाचा काटा वर चढायला लागला तेव्हा मास्तरांनी तो पलंगाखाली सरकवला. इस्पितळातल्या आहार सांगणाऱ्या बाईंकडे दोनदा जायचं होतं, दोन्ही वेळा कोटाच्या ऑर्डरी आड आल्या. आल्या म्हणजे आणल्या. आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त एखादा शिंपीच करू शकेल. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून सैल पडते, इंच लांब होतात आणि माप कमी दाखवतात. अशी एक टेप त्यांनी तीन वर्षांपूर्वी बाद केली होती. ती शोधून काढली आणि ट्यूबशेजारी ड्रॉवरमध्ये ठेवली. गिऱ्हाइकाला नवी टेप, स्वतःला जुनी. रोज सकाळी कंबर मोजायची: अडतीस. नवीवर चाळीसच्या आसपास असणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माणूस जगाच्या डोळ्यांत धूळ फेकतो, हे आपल्याच डोळ्यांत फेकत होते.

घड्याळ्याच्या मुलीचं लग्न ठरलं. एका सकाळी मास्तर कंबर मोजत असतानाच तो दारातून आत आला. मास्तरांनी टेप झटकन गळ्यात टाकली.

"कोट शिवायचाय. बापाला शोभेल असा," घड्याळ्या म्हणाला. "आत्ताच माप घे, मग मला फुरसत नाही."

कित्येक महिन्यांनी तो असा आत येऊन उभा राहिला होता. मास्तरांना इतकं बरं वाटलं की गळ्यात कुठली टेप आहे याचं भानच राहिलं नाही. छाती, पोट, खांदे, बाही, सगळं मोजलं, वहीत लिहिलं. दुपारी कापायला बसले ते नवी टेप घेऊन.

लग्नाला आठवडा उरला असताना कच्च्या शिलाईवर ट्रायल झाली. घड्याळ्यानं हात घातले, खांदे झटकले, आणि बटण काजापर्यंत पोचेना. त्यानं श्वास आत ओढून पाहिला. दोन बोटं कमीच.

"वीस दिवसांत एवढं सुटलं माझं?" तो आरशात बघत म्हणाला.

मास्तरांचा हात गळ्यातल्या नव्या टेपकडे गेला. त्याच क्षणी त्यांना कळलं, माप जुन्या टेपनं घेतलं आणि कापड नवीनं कापलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "असू दे. शिलाईत माया ठेवलीय, जास्तीचं कापड आहे आत, सोडतो थोडी."

"सोडू नकोस. मीच कमी होतो." घड्याळ्या कोट उतरवता उतरवता थांबला. "तुला जमलं ना? बावन्न किलो म्हणजे चेष्टा आहे? मनाचा निग्रह लागतो, मास्तर. खरं सांगतो, मला तुझा हेवा वाटतो. कसं आवरतोस रे स्वतःला?"

मास्तर टाचण्या गोळा करत राहिले. ड्रॉवर त्यांच्या गुडघ्याला टेकलेला होता.

दुसऱ्या दिवशी एक वाजला आणि भिंतीपलीकडे झाकण वाजलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी घड्याळ्या पाणी प्यायला बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. "सकाळी बारीक स्क्रू हातातून तीनदा पडला," असं हसत म्हणाला आणि आत गेला. लेकीच्या लग्नाच्या तोंडावर, तिच्या हौसेच्या दिवसांत, हा बाबा मास्तरांच्या खोटेपणापायी उपाशी राहत होता. माया सोडून कोट गुपचूप देता आला असता, नाही असं नाही. घड्याळ्याला वाटलं असतं, उपास फळला. आणि मास्तर त्याच्या नजरेत निग्रहाचे पुतळे राहिले असते. गल्लीत त्यांना तेवढं एकच मोठेपण उरलं होतं.

त्या दुपारी त्यांनी ट्यूब काढली आणि उभ्या उभ्या तोंडाला लावली. दहा मिनिटांत घाम, धडधड, पोटात पीळ. पडद्यामागे लादीवर गाल टेकून पडल्या पडल्या ते भिंतीकडे कान देऊन होते. पलीकडे काहीच वाजत नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि ते रडले.

पाचव्या दिवशी एकला मास्तरांनी शटर अर्धं खाली ओढलं, ड्रॉवर मशीनमधून अख्खा उपसला आणि तो हातात घेऊन शेजारी गेले. घड्याळ्यासमोरच्या काचेवर ठेवला.

"कोट तुझ्या पोटामुळे घट्ट झाला नाही. माझ्यामुळे झाला." मग त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. दोन ट्यूब, बिस्किटांचे पुडे, जुनी टेप. टेप का ठेवली तेही सांगितलं. सांगताना ते घड्याळ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत होते, आणि तिथे प्रत्येकाची वेळ वेगळी होती.

घड्याळ्यानं टेप हातात घेऊन ओढून पाहिली. "मागं पडणारं घड्याळ मुद्दाम लावायचं आणि म्हणायचं, अजून वेळ झाली नाही," तो म्हणाला. "गाढव आहेस." मग हळूच म्हणाला, "एकला गिऱ्हाईक येत नव्हतं रे माझ्याकडे."

"माहीत आहे. भिंत फळ्यांची आहे."

"तू बघत बसायचास. मला घास उतरायचा नाही. वाटायचं, याच्यासमोर खाणं म्हणजे पाप. तू दुखावशील म्हणून उठलो."

"बघत होतो ते खरं," मास्तर म्हणाले. "पण तुझं संपेपर्यंत माझ्यासमोर कुणीतरी असायचं."

घड्याळ्या उठला. मास्तरांच्या गळ्यातली नवी टेप त्यानं काढून घेतली. "हात वर कर." त्यानं दोन्ही हात मास्तरांच्या कमरेभोवती नेले, मागं टेपचं टोक सापडेना म्हणून जरा चाचपडला, त्याचं डोकं मास्तरांच्या खांद्याला लागलं. मास्तर हात वर करून गुमान उभे राहिले. अख्ख्या गल्लीची मापं त्यांनी घेतली होती. त्यांच्याभोवती कुणी असे हात नेल्याला नऊ वर्षं झाली होती, आईला शेवटचं उचलून बसवताना तिनं गळ्यात हात टाकले होते तेव्हापासून.

"पावणेचाळीस," घड्याळ्या म्हणाला. "वहीत लिहायचं. कुठल्या पानावर आहेस तू?"

"माझं पान नाही."

"मग काढ."

मास्तरांनी जाऊन वही आणली आणि पान काढलं. घड्याळ्यानं आपल्या बारीक अक्षरात आकडा लिहिला, आणि खाली इस्पितळातल्या बाईंकडे जायचा वार. लग्नानंतरचा गुरुवार. "मी येतो सोबत. पुन्हा ऑर्डर आड आली तर मला सांग, मी आडवा होतो."

मग त्यानं डबा काढला. बायको रोज भरून देत होती आणि तो रोज तसाच परत नेत होता. डबा घेऊन तो मास्तरांच्या कापायच्या टेबलाशी येऊन बसला. मास्तरांनी आपलं अंडं सोललं, चार घास चावून चावून खाल्ले, आणि पुढचा अर्धा तास त्याच्या तोंडाकडे बघत बसले. घड्याळ्या चार दिवसांचा भुकेला होता. त्यानं मान वर केली नाही, आणि उठलाही नाही.