आमच्या वंशावळीतला डुप्लिकेट

आमच्या घरात पुस्तक म्हणजे पंचांग, तेवढंच. अशा घरातल्या मुलानं आठवणी लिहायला बसावं हे जरा जास्तच होतंय, क्षमा असावी. पण आमच्या आबांच्या मरणाची हकीकत माझ्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही.

कॉलेजात असताना मी शिरूरला कॉम्प्युटरचा क्लास लावला होता. एक्सेल जमायला लागलं तसं वाटलं, घराण्याची वंशावळ त्यात बसवावी. आजोबांना, म्हणजे आबांना, सांगितलं.

"मग दौंडला जा," आबा म्हणाले. "माझा थोरला भाऊ लेकाकडं ऱ्हातो, रेल्वेच्या कॉलनीत. पर माझा नातू हाय म्हनू नगंस. बघ, माझं नाव काढत्यात का."

मेंढरांच्या वाटणीवरून दोघा भावांचं फाटलं होतं. मी जन्मायच्या आधीपासून जाणं-येणं बंद. आबांना वंशावळ नको होती. भाऊ आपल्याला अजून घरातला धरतो का, एवढंच हवं होतं.

मी गेलो. "तुमच्याच आडनावाचा आहे, माहिती गोळा करतोय," असं चाचरत सांगितलं. थोरले आप्पा, म्हणजे आबांचे भाऊ, बाहेर गेले होते. त्यांच्या नातसुनेनं चहा दिला, घरातली नावं सांगितली. तिच्या मांडीवर एक गुटगुटीत पोरगं होतं.

क्लासात सगळी नावं टाकली आणि सॉर्ट केली. एकच नाव दोनदा आलं. मागून सर म्हणाले, "डुप्लिकेट आहे, उडव." सरांचा शब्द मोडायची माझी टाप नव्हती. उडवलं.

घरी प्रिंट वाचून दाखवली.

"माझी इचारपूस केली कुनी?"

"नाही, आबा."

आबांनी बोटांवर नावं मोजली. मग म्हणाले, "त्यांच्यात ल्हान पोरगं न्हाई एकबी?"

"आहे की. पण त्याचं नाव तुमचंच. दोनदा आलं म्हणून सरांनी उडवायला लावलं."

चुलीपाशी बसलेल्या आजीनं चमकून वर पाहिलं. आमच्यात गेलेल्या माणसाचंच नाव नव्या पोराला ठेवतात. जित्याचं कुणी ठेवत नाही.

"म्हंजी मी मेलो व्हय?" आबा ओरडले.

"आन् मी येडी अजून कुकू लावतीया!" आजी पदर तोंडाला लावून हसली.

आबांना राग आला होता, पण तो चेहऱ्यावर ठरेना. "मेल्यावर का हुईना," ते पुटपुटले, "नाव माझंच ठेवलं त्यानं." मग मला पुन्हा वाचायला लावलं. पोराला आधी परत शीटमध्ये घाल, म्हणाले.

मी किराणा दुकानातल्या एसटीडी बूथवरून दौंडला, नातसुनेनं दिलेल्या शेजाऱ्यांच्या नंबरावर फोन लावला आणि तिला बोलावून घेतलं. आबा हयात आहेत, हे सांगायला मला फार अवघड गेलं, माफीच मागितली. शिरूरकडचे आबा गेले, असं त्यांना बाजारात कुणीतरी सांगितलं होतं म्हणे. मागून आप्पांचा आवाज आला, "इचार त्याला, खरंच हाय का!" आणि फोन कटला.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदारानं हाक मारली, माझा फोन होता. नातसून बोलत होती: "आप्पा सकाळीच येष्टीत बसलं. कुनाचं ऐकलं न्हाई. पोरालाबी संगं घेतलंय."