जाळीघर रिकामं झालं

आठ महिने मी एका निळ्या रेघेच्या आधारावर जगत होते.

पानं मुरडणारा कोकडा रोग झालेल्या मिरचीचा रस पांढरी माशी पिते, तेव्हा विषाणू तिच्या आतड्याच्या भिंतीतून पार होतो, लाळेत उतरतो आणि पुढच्या झाडात जातो. त्या भिंतीतलं कुठलं तरी प्रथिन त्याला वाट देत असणार. ते शोधणं हा माझ्या पीएचडीचा विषय. विषाणूच्या कवचाचं प्रथिन आमिष म्हणून बारीक मण्यांना चिकटवायचं, वरून निरोगी माश्यांचा अर्क ओतायचा आणि काय चिकटून राहतं ते बघायचं. कितीतरी वेळा काहीच चिकटलं नाही. मग एकदा प्रथिनं मापानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर निळी रेघ उमटली आणि पुढे दर वेळी त्याच जागी उमटत राहिली. ती कापून ओळख पटवायला बाहेर पाठवली.

अहवाल आला तेव्हा मी जुन्या जालन्यातून प्रयोगशाळेकडे निघाले होते. रिक्षातच फोनवर उघडला. ते माशीचं प्रथिन नव्हतंच. विषाणूचंच कवच होतं. माझ्या आमिषाचं माप वेगळं, ते जेलवर दुसऱ्या जागी उमटायचं, त्यामुळे तेच मण्यांवरून निसटून आलं म्हणायलाही जागा नव्हती. म्हणजे मी निरोगी समजत होते त्या माश्यांच्याच पोटात विषाणू होता. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "ताई, उतरायचं न्हाई का?"

माझ्या मार्गदर्शक सरांनी अहवाल वाचला. "जाळीघरात कोण कोण जातं?"

"मी. आणि मावशी."

मावशी जवळच्या गावातल्या. जाळीघरात वांग्याच्या रोपांवर आम्ही निरोगी माश्या वाढवायचो, त्या रोपांना पाणी घालायचं काम त्यांचं. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, हा नियम त्या माझ्यापेक्षा कडक पाळायच्या.

"दार उघडं राहिलं असणार," सर मावशींना बोलावून म्हणाले.

"न्हाई सर, बिलकुल न्हाई," मावशी म्हणाल्या. "दोन्ही दारं बराबर लावत आले मी." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी खाली पाहिलं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. चूक दुसऱ्या कुणाची तरी असावी, एवढंच मला हवं होतं.

सरांनी सगळं काढून टाकायला सांगितलं. माश्या आधी तपासायला फक्त एक दिवस लागला असता. सरांना ते सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण मी बोलले नाही. दुपारपर्यंत फवारणी झाली, रोपं उपटली, जाळली. उपटायला मावशीच होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांना बाहेर तुरीत निंदायला पाठवलं.

तिसऱ्या दिवशी मला फ्रीजरमध्ये जाळीघरातल्या माश्यांची एक नळी सापडली, आदल्याच आठवड्यात गोळा केलेली. तपासल्या. विषाणू नाही. पुन्हा तपासल्या. नाही. मग मी ती मोठी बाटली काढली, जिच्यातल्या गोठवलेल्या माश्यांचा आठ महिने अर्क काढत होते. वर माझ्याच अक्षरात 'निरोगी'. शेजारी तशीच दुसरी बाटली, 'रोगट'. दोन्ही तपासल्या. अदलाबदल झाली होती.

वही उघडली. त्या दिवशी मी भोकरदनच्या मिरचीच्या शेतांतून रोगट माश्या घेऊन आले होते. अंगात ताप होता. तशातच जाळीघरातल्या माश्याही गोळा केल्या आणि दोन्ही बाटल्यांना शेवटी एकदमच चिठ्ठ्या लावल्या होत्या.

जाळीघर निरोगी होतं. आम्ही जाळलं तेव्हाही.

सरांना सांगितलं. त्यांनी वही मागून घेतली आणि ते पान वाचलं. मग म्हणाले, "मावशींना तुम्ही सांगा. माझ्याकडूनही माफी मागा. आणि परत आत घ्या."

मावशी तुरीच्या ओळीत बसल्या होत्या. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. त्यांचं खुरपं चालूच होतं.

"चिठ्ठी चुकली, त्याचं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "मानूस चुकतं. पन मी तुमच्याकडं पाह्यलं व्हतं, मॅडम. तुम्ही एक शब्द बोलल्या न्हाई."

"मावशी, परत आत या."

"मला हितंच बरं हाय."

त्यांनी ओळ पुरी केली आणि दुसरी धरली.

निरोगी माश्या पुन्हा मिळवणं सोपं नव्हतं. दुसऱ्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेने पाठवल्या, त्या वाटेत उन्हाने मेल्या. पार्सल उघडलं तर तळाला पांढरी पूड. दुसऱ्यांदा मागवल्या, त्याही तशाच. शेवटी मी शेतातूनच माश्या आणल्या. त्यांनी वांग्यावर घातलेल्या अंड्यांतून निघालेली पिढी वेगळी करायची, तपासायची, पुन्हा वाढवायची. दोन वेळा त्यातही विषाणू निघाला आणि सगळं टाकून द्यावं लागलं.

आता पाणी मीच घालते. नव्या खेपेच्या माश्या रोपांवर सोडून आठवडा झाला. आज सकाळी भिंग घेऊन एकेक पान उलटून पाहिलं. चोवीस रोपं. एकाही पानावर अंडं नव्हतं.