मागच्या चाकातला काटा

रोज सकाळी सहाला मी मोटारसायकलच्या मागच्या चाकाला हवा भरायचो. हातपंपाचे साठेक दट्टे. संध्याकाळी टणक असलेलं चाक सकाळी निम्मं बसलेलं असायचं. आटपाडीजवळच्या आमच्या गावापासून माझं कॉलेज तीसेक किलोमीटर. भरलेली हवा कशीबशी तिथवर पुरायची, परतताना वाटेत पुन्हा थांबायचं. महिनाभर हेच. दंड असे भरून यायचे की पहिल्या तासाला फळ्यावर लिहायला हात वर जायचा नाही.

मी तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. दोनदा उशीर झाल्यावर प्राचार्य म्हणाले होते, "सर, तिसऱ्यांदा झालं तर तुमचे तास दुसऱ्याला द्यावे लागतील." ओरडले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

पंक्चर काढणाऱ्या चाचांकडं तीनदा गेलो. एकदा त्यांनी ठिगळ लावलं, एकदा व्हॉल्व्ह बदलला, तिसऱ्यांदा नवी ट्यूबच टाकली. टायरच्या आतून हात फिरवत म्हणाले, "साफ हाय सर. तुमीच लय जड झालाय, खातंपितं घर दिसतंय." मीही हात फिरवून बघितला. काही लागलं नाही. चार दिवसांत नवी ट्यूबही बसायला लागली.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर मेंढरांमागं फिरले. एका सकाळी बाजेवर बसून माझं हवा भरणं बघत होते.

"आत काटा मोडलाय रं."

"आवं आबा, आतनं बघितलाय टायर. रबर हाय त्ये, मेंढरू न्हाई. तुमास्नी त्यातलं कळत न्हाई."

"बरं," म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

रविवारी दुपारी चाक पार जमिनीला टेकलं. सोमवारी साडेसातला पहिला तास. चाचा लग्नाला सांगलीला गेलेले, दुकानाला कुलूप. शेजारून पाने आणले, अंगणात चाक खोललं, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. बारीक बुडबुडे सापडले, ठिगळ बसलं. पण ट्यूब परत आत घालायचं माझ्याच्यानं होईना. चार दिवसांनी हेच होणार, हे दिसत होतं. तसाच बसून राहिलो. मग म्हणालो, "आबा, तुमी बघता का जरा?"

ते काहीतरी टाकून बोलतील म्हणून मी मान खालीच ठेवली होती. ते नुसते उठून आले. टायर मांडीवर घेतला आणि मेंढराचा खूर फाकवावा तसा दोन्ही हातांनी उलटा वाकवला. वीतभर वाकवायचा, अंगठा फिरवायचा, पुढं सरकायचं. मी आणि चाचांनी तो होता तसाच चाचपला होता.

"खूर मिटला की काटा मासात दडतो. ताणला की टोक वर काढतोय."

अर्ध्या फेऱ्यात अंगठा थांबला. कमरेच्या करदोड्याला अडकवलेल्या चिमट्यानं त्यांनी येड्या बाभळीच्या काट्याचं टोक ओढून काढलं. तांदळाच्या कणीएवढं, काळं. गाडीवर वजन पडलं, टायर दबला, की ते ट्यूबला टोचत होतं. दाब हा धडा मी अकरावीला दरवर्षी शिकवतो.

"बग," आबा म्हणाले, "निघालं का न्हाई मेंढरू?"

सोमवारी सात वीसला मी मस्टरवर सही केली. प्राचार्यांनी मान वर करून बघितलंही नाही. तास घेतला आणि शिक्षकांच्या खोलीत येऊन टेबलावर डोकं टेकलं. महिन्याभराचा शीण अंगातून जाता जाईना. शेजारचे गणिताचे सर म्हणाले, "आज वेळेत? गाडी नीट झाली वाटतं. कोणाकडं नेलीत?"

"घरीच. आमच्या आबांनी काढला काटा."

"मेकॅनिक आहेत?"

"मेंढपाळ आहेत."

त्यांना ती थट्टा वाटली, मोठ्यानं हसले. एरवी मी ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी खुर्ची त्यांच्याकडं वळवली आणि टायर कसा वाकवायचा ते हातानं करून दाखवलं. दुसऱ्या तासाची घंटा झाली तेव्हा ते हसायचे थांबले होते, आणि मला उठवत नव्हतं.