मागची रिकामी आहे

१७ जून, बुधवार. हवा कोंदट. ह्यांचा डबा वेळेवर झाला. ठेवणीतले कपडे काल रात्रीच इस्त्री करून ठेवले होते. सकाळी शाळेत जायचे होते, गेले नाही. दुपारी शिकवणीला दोनच मुली आल्या, तिसरीला ताप आहे.

ही नोंद एका बस कंडक्टरच्या बायकोची आहे. गोष्ट मात्र कंडक्टरची.

त्याला त्याच्या नावाने ओळखणारी माणसे डेपोत आणि घरात मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. बाकी सगळ्यांसाठी तो ‘मागची-रिकामी’ होता. सकाळच्या वेळी त्याच्या गाडीला मुंगी शिरायला जागा नसे. स्टॉपवर माणसे मधमाश्यांसारखी दाराला लगडायची. मग हा मागच्या दारात आडवा उभा राहायचा आणि अगदी घरच्या माणसासारखा सांगायचा, “ताई, कशाला लोंबकळता? मागची रिकामी आहे. दादा, पाय खाली घ्या, मागची आख्खी रिकामी आहे.”

मागची गाडी कधीच रिकामी नसायची. कित्येकदा मागची नसायचीच. हे लोकांनाही माहीत होते.

“मास्तर, मागची एवढी रिकामी असती तर तुम्ही तिच्यातच ड्युटी लावून घेतली असती!”

“तिच्यात झोप लागते हो मला,” तो म्हणायचा. लोक हसायचे आणि हसता हसता दोघेतिघे आत घुसायचेच. त्याचा ड्रायव्हर तर म्हणायचा, “ह्याने लग्नाच्या वेळी इतर मुलींनासुद्धा हेच सांगितलं असणार, म्हणून वहिनी एकट्याच राहिल्या रांगेत.”

वहिनी म्हणजे त्याची बायको. ती कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली होती आणि तो जेमतेम शाळा संपवलेला. दोघांचे जमले ते ह्याच गाडीत. तिच्या माहेरच्यांनी तोंड फिरवले, त्याच्या आईने डोळे पुसले, आणि संसार सुरू झाला. त्याला तिचा भारी अभिमान. ती इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला बसली की तो उगाच शेजाऱ्यांना चहाला बोलावायचा.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिला तिच्याच जुन्या शाळेतून बोलावणे आले. लहान मुलांच्या वर्गावर बाई हव्या होत्या. मोठ्या सिस्टर स्वतः मुलाखत घेणार होत्या. आदल्या रात्री तो म्हणाला, “रिक्षाबिक्षा काही नको. माझीच गाडी धर. मी आहे ना!”

सकाळी कोपऱ्यावरच्या स्टॉपवर नेहमीसारखी झुंबड. दारात उभा असताना तो चेहरे कधी बघत नसे. हात आणि पाय बघायचा. कोणता हात दांडीला, कोणता पाय पायरीवर. एक पाय पायरीवर आला. नवी पट्ट्यांची चप्पल. त्याच्या तोंडून सवयीने निघाले, “ताई, मागची रिकामी आहे.”

पाय खाली गेला.

त्याने डबल बेल दिली, गाडी हलली, आणि मग मागच्या काचेतून त्याला चेहरा दिसला. काखेत फाइल धरलेली त्याची बायको. ती त्याच्याकडे बघून मान हलवत होती, बरं बरं, येते मागून, अशी. त्या शब्दांवर विश्वास ठेवणारे अख्ख्या शहरात एकच माणूस होते, आणि ते का ठेवणार नाही? नवरा सांगत होता.

मागची गाडी त्या दिवशी डेपोतच बंद पडली होती. ती शाळेत पोचली तेव्हा मोठ्या सिस्टर दुसऱ्या बाईंना वर्ग दाखवत होत्या. “मुलांना आधी वेळ पाळायला शिकवायचं असतं,” एवढेच त्या म्हणाल्या. आवाजही चढवला नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती कणीक मळत होती.

“मागची आलीच नाही,” ती म्हणाली.

“अगं, मी बघितलं नव्हतं. पाय दिसला फक्त.”

“माहीत आहे मला.”

ती रडली असती, भांडली असती, तर त्याचे ओझे उतरले असते. तिने विषय तिथेच मिटवला. विषय मिटला आणि सल राहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने ते वाक्य टाकले. “जागा नाही” एवढेच सांगायला लागला. आठवड्याभरात तीन भांडणे झाली, एकाने शर्टाचे बटण तोडले. खरे बोलल्याबद्दल लोक असे चवताळतात हे त्याला ठाऊक नव्हते. एक म्हातारी म्हणाली, “मेल्या, पूर्वी किती गोड नाही म्हणायचास!” शेवटी तो पुन्हा मागच्या गाडीवर आला. फक्त आता बोलण्याआधी तो चेहऱ्यांकडे बघायचा. बायको तिथे नाही अशी खात्री करून मगच खोटे बोलायचा.

ती कोपऱ्यावरच्या स्टॉपवर पुन्हा फारशी आलीच नाही. घरीच शिकवण्या घ्यायला लागली. पुढच्या खोलीत चटई, भिंतीला टेकवलेला फळा, आणि आजूबाजूची पोरे. चांगली शिकवायची. तो दुपारपाळीला असला की आतल्या खोलीत पडून तिचा आवाज ऐकायचा आणि मनात म्हणायचा, ह्या आवाजाला मोठा वर्ग हवा होता. मुलगी झाली, मोठी झाली, लग्न करून लांब गेली. त्याचे केस पांढरे झाले, वाक्य तेच राहिले.

त्याच्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना तिची शाळेतली मैत्रीण घरी आली. ती तिथेच शिकवत होती. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या, वर्षभरासाठी बदली माणूस हवे होते. “ये तू. नव्या सिस्टर वय बघत नाहीत, इंग्रजी बघतात. फक्त बुधवारी सकाळी वेळेवर पोच.”

बायको म्हणाली, “बघते.”

मंगळवारी ड्रायव्हरला त्याने बाजूला घेतले. “उद्या कोपऱ्यावर मी बेल देईपर्यंत गाडी हलवायची नाही. मागून बोंबलू देत कोणाला बोंबलायचं ते.”

“वहिनी का?”

“हं.”

“मग बेल विसरलास तरी चालेल मला.”

बुधवारी कोपऱ्यावर गाडी थांबली. माणसे चढली, दाटली, तरी बेल नाही. तो दारात हात आडवा धरून उभा. पायरीवर एका माणसाची जागा त्याने मोकळी ठेवली होती.

“अहो मास्तर, चला की! नवरीची वाट बघताय काय?”

“हो,” तो म्हणाला.

गाडीत खसखस पिकली. मागे हॉर्न वाजायला लागले. कोणीतरी घड्याळावरून आईबाप काढले. आणि ती कोपऱ्यावरून येताना दिसली. इस्त्रीचे कपडे, काखेत फाइल. गुडघा धरल्यामुळे जरा हळू. तिने भरलेली गाडी बघितली, खिडक्यांतून बाहेर आलेली डोकी बघितली, त्याचा पुढे केलेला हात बघितला. एक पाय पायरीवर ठेवला. मग खाली घेतला.

“तुम्ही जा,” ती म्हणाली. “मागची रिकामी आहे.”

अख्खी गाडी फुटून हसली. ड्रायव्हरही हसला. तोही हसला, कारण आयुष्यभर ह्या वाक्यावर लोक हसत आले होते आणि त्याला सवय होती. आणि हसता हसता त्याचा हात दोरीकडे गेला. डबल बेल. हाताला विचार करायची सवय नव्हती.

पुढच्या वळणावर त्याचे हसू गेले. एक बेल दिली असती तर गाडी थांबली असती. दिली नाही. गाडीत इतकी माणसे, सगळ्यांना कामावर जायचे होते.

दुपारी डेपोत मागच्या गाडीचा कंडक्टर भेटला. “काय योग बघ,” तो म्हणाला, “आज तुझ्या मागे खरंच रिकामा आलो मी. सगळी गर्दी तूच गोळा केलीस. कोपऱ्यावर तर चिटपाखरू नव्हतं.”

ती तोवर घरी परतली होती.

ती गमतीने म्हणाली की रागाने, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. शेवटच्या आजारपणातही अंथरुणावरून एकदा त्याने विचारले. तिने उशी सारखी केली आणि म्हणाली, “गर्दी होती हो.” त्याने डोळे मिटले. उत्तर पटले नाही तरी गाडीत लोक गप्प बसतात, तसा.

पण तो बुधवार. संध्याकाळी तो घरी आला, तिकिटांची पेटी खुंटीखाली ठेवली, आणि चप्पल न काढताच उभा राहिला.

“अगं, मागची आज खरंच रिकामी होती.”

“हो का?” ती म्हणाली. “हात धुवा, पानं घेतली आहेत.”

जेवणे झाल्यावर तिने त्या दिवसाची नोंद पुरी केली. इस्त्रीचे कपडे घडी करून पुन्हा ट्रंकेत ठेवले. मोरीतला नळ गळतो आहे, वायसर बदलायला हवा.