विश्रांतीचं वेळापत्रक

एका मंगळवारी सकाळी दाजींनी राजारामपुरीतल्या आपल्या क्लासमध्ये फळ्यावर समीकरण लिहायला घेतलं, बरोबरच्या चिन्हापर्यंत आले, खडू ठेवला आणि खाली बसले. मुलं थांबली. दाजी उठले नाहीत. वर्गातल्या एका मुलीने माझ्या बहिणीला फोन केला, बहिणीने मला केला.

माझ्या बहिणीच्या नवऱ्याइतका घाईत असलेला माणूस या जिल्ह्यात दुसरा झाला नसावा. लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी भटजींना हळूच विचारलं होतं, "अजून किती आहेत?" भटजींना वाटलं, पाहुणे विचारतायत. ते म्हणाले, "अडीचशे तरी असतील." दाजी मंगलाष्टकांबद्दल विचारत होते. ते ऐकून त्यांचा चेहरा असा काही पडला, की अंतरपाट दूर झाल्यावर ताईला वाटलं, नवरदेवाला मुलगी पसंत नाही. ताई ही गोष्ट पुढे पंचवीस वर्षं सांगायची, आणि दरवेळी तिचा शेवट होण्याआधी दाजी चप्पल घालून बाहेर पडलेले असायचे.

त्यांचा भौतिकशास्त्राचा क्लास होता. पहिली बॅच पहाटे पावणेसहाला. दिवसाला चार बॅच, त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस दुपारी जयसिंगपूर. खिशात दोन फोन. एकावर बोलताना दुसरा वाजला, की पहिल्याला "एक मिनिट" म्हणायचे, दुसऱ्याशी दोन मिनिटं बोलायचे आणि चुकून पहिल्याच फोनवर निरोप घ्यायचे. चहा दोन बश्यांत ओतायचे, एक पिईपर्यंत दुसरी निवावी म्हणून. सिनेमाला गेले, तर शेवटच्या दहा मिनिटांआधी उठायचे, कारण नंतर पार्किंगमधून स्कूटर निघत नाही. त्यामुळे लग्नानंतर पाहिलेल्या एकाही सिनेमाचा शेवट त्यांना माहीत नव्हता. ताई बाहेर आली की स्कूटर सुरू ठेवूनच विचारायचे, "मेला का शेवटी?" ताई म्हणायची, "नाही." मग ते गिअर टाकायचे. एकदा तिने मुद्दाम "सगळे मेले" म्हणून सांगितलं. "चला, बरं झालं," म्हणाले आणि निघाले. तो घरगुती, विनोदी सिनेमा होता.

दुसऱ्याचं वाक्य पुरं करण्याची सवय त्यांना होती, आणि ते बहुतेक वेळा चुकायचं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस. शब्द शोधत बोलतो. मी म्हणायचो, "दाजी, ताईला सांगा, उद्या मी जेवायला..." "येत नाही. सांगतो," असं म्हणून ते गल्लीच्या टोकाला पोचलेले असायचे. दुसऱ्या दिवशी मी दारात उभा, आणि ताईने स्वयंपाक दोघांचाच केलेला. "मेव्हणं," एकदा त्यांनी मला प्रेमाने सांगितलं होतं, "तुमचं वाक्य सुरू झालं की मला बस चुकल्यासारखं वाटतंय बघा."

पण बस चुकण्याची भीती त्यांना स्वतःसाठी नव्हती. संध्याकाळची बॅच सुटली, की खेड्यातून आलेल्या पोरींना ते स्कूटरवरून स्टँडवर सोडायचे. एका वेळी एक, अशा चार-पाच खेपा. शेवटची मुलगी एसटीत बसल्याशिवाय ते घरी वळायचे नाहीत. एखाद्या पोरीची परीक्षा हुकली, तर तिचं शिक्षण थांबणार आणि लग्न ठरणार, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांच्या घाईत अशी पुष्कळ माणसं बसलेली होती. ती स्कूटर थांबवणं सोपं नव्हतं.

त्या मंगळवारच्या आधी काही महिने आम्हाला खुणा दिसत होत्या. दाजींची झोप गेली होती. कुकरची शिट्टी झाली की ते दचकायचे, आणि एकदा तर शिट्टीवर चिडून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हात थरथरायचा, म्हणून फळ्यावर अक्षर मोठं काढू लागले. एके दिवशी राजारामपुरीतच, जिथे त्यांनी वीस वर्षं शिकवलं, एका गल्लीच्या तोंडाशी ते उभे राहिले. ही आठवी गल्ली की नववी, ते आठवेना. समोरच्या दुकानदाराने विचारलं, "पावणं, कुटं जायचंय?"

"मी इथलाच आहे," दाजी म्हणाले.

"मग उभं का हायसा?"

हे त्यांनी आम्हाला हसत सांगितलं. आम्हीही हसलो.

मंगळवारनंतर डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठीक, रक्तदाब जरा जास्त, बाकी काही नाही. "तुमच्या नसा दमल्यात, सर," ते म्हणाले. "तीन महिने काही करायचं नाही. क्लास नाही, फोन नाही."

दाजींनी विचार केला. "रोज डबल विश्रांती घेतली, तर दीड महिन्यात बसेल का?"

डॉक्टर हसले नाहीत. ताईही नाही. मी हसलो, याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी आल्यावर त्यांनी विश्रांतीचं वेळापत्रक केलं आणि फ्रिजवर चिकटवलं. सात ते सात-वीस, गच्चीवर शांत बसणे. सात-वीस ते सात-तीस, आकाश बघणे. नंतर प्राणायाम, नंतर 'मोकळा वेळ (सक्तीचा)'. आकाश त्यांचं सातव्या मिनिटालाच बघून व्हायचं. मग उरलेली तीन मिनिटं ते पुढच्या दिवसाच्या आकाशातून वजा करायचे.

यात पाहुणे येऊ लागले. आमच्याकडे माणूस आजारी पडला आणि त्याला बघायला गेलं नाही, तर ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं जातं. सफरचंदं, बिस्किटं, शहाळी घेऊन माणसं यायची, पलंगाच्या कडेला बसायची आणि मोठ्या आवाजात विचारायची, "नेमकं झालंय काय?" इथेच अडचण होती. दाजींना प्लास्टर नव्हतं, टाके नव्हते, सलाईन नव्हतं. दाखवायला काहीच नव्हतं. येणाऱ्याची निराशा व्हायची. एक मावशी त्यांना खालून वर न्याहाळून म्हणाल्या, "दिसतंय तर चांगलं की! उलट वजन वाढलंय." बिद्रीचे त्यांचे चुलतभाऊ, दहा म्हशींचे मालक, म्हणाले, "डोस्कं दमतंय व्हय? आमचं कवा दमलं न्हाय बगा."

"वापरलं तर दमतंय, भाऊजी," ताई चहा ठेवता ठेवता म्हणाली.

सगळे हसले, भाऊजी सगळ्यांत मोठ्याने. पण जाताना जिन्यात ते मला म्हणाले, "टेन्शन कुणाला न्हाय? जरा कामाला लागू द्या, हुईल नीट." दाराला फट होती. दाजी आत बसले होते.

पाहुणे थांबेनात, तेव्हा दाजींनी त्यांच्याही बॅच पाडल्या. सकाळी माहेरचे, दुपारी सासरचे, संध्याकाळी पालक. पालक येऊन तब्येतीची चौकशी करायचे, मग थोडं घुटमळायचे. परीक्षा अडीच महिन्यांवर आली होती. त्यांना काही बोलावं लागायचं नाही.

पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी मी गेलो, तेव्हा दाजी गच्चीवर एकटे होते. खाली कुठलीशी वरात चालली होती. ती लांब जाईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "मेव्हणं, तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. मला खरंच काही झालंय, का मी नाटक करतोय?"

मला उत्तर माहीत होतं. मी महिनाभर त्यांचे हात पाहत होतो. पण मला ते नीट सांगायचं होतं. 'आजार' म्हटलं असतं तर ते घाबरले असते. 'थकवा' म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी पावणेसहा गाठले असते. मी म्हणालो, "दाजी, मला असं वाटतं..." आणि शब्द शोधत थांबलो. किती वेळ थांबलो कुणास ठाऊक. दाजींच्या मानाने तो फार असणार.

"कळलं," ते म्हणाले. माझ्या खांद्यावर थोपटलं आणि खाली गेले.

त्यांच्या मागे जायला मला दोन मिनिटंही लागली नसती. मी गेलो नाही. वाटलं, उद्या निवांत, नीट शब्दांत सांगू. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला दाजी क्लासमध्ये होते. ताईने मला फोनवर विचारलं, "काल तू काय बोललास त्यांना?" मी म्हणालो, "काहीच नाही." ते खरं होतं.

बारा दिवस त्यांनी शिकवलं. तेराव्या दिवशी जयसिंगपूरच्या वर्गात डस्टर हातात धरून ते रडू लागले. मुलांनी विचारलं, सर, काय झालं? त्यांनी सांगितलं, "मला माहीत नाही." मी गाडी करून त्यांना आणायला गेलो. येताना ते रस्त्याकडे पाहत बसले होते. पुढे काही आठवडे ते फारसं बोललेच नाहीत. त्यांनी पुन्हा कधी शिकवलं नाही.

या वेळी ताईने पाहुण्यांचा बंदोबस्त केला. आलेल्याला परत पाठवणं तिला जमण्यासारखं नव्हतं, चहाशिवाय पाठवणं तर नाहीच. म्हणून तिने जिन्याच्या वळणावर दोन खुर्च्या टाकल्या. चौकशी तिथे, चहा तिथे, शहाळं तिथेच ठेवायचं. बिद्रीचे भाऊजी तीन वेळा जिन्यात चहा पिऊन गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी नुसती घरच्या दुधाची किटली ठेवली आणि खालूनच म्हणाले, "वैनी, मी काय इचारत न्हाय. दूध तेवढं घ्या."

दाजी हळूहळू सावरले. हळूहळू हा शब्द त्यांच्यासाठी मला प्रथमच वापरावा लागतोय. वर्ष गेलं. रोज सकाळी आम्ही रंकाळ्यावर फिरायला जाऊ लागलो. आधी एका बाकापर्यंत, मग दोन बाकांपर्यंत. तिथेच एकदा मी त्यांना सांगितलं, की त्या संध्याकाळी मला म्हणायचं होतं, हे नाटक नाही, हे खरं आहे, तुम्ही जाऊ नका.

"मग म्हणायचं की," दाजी म्हणाले.

आम्ही पुढच्या बाकापर्यंत चालत गेलो. तिथे बसल्यावर ते म्हणाले, "तुमची चूक न्हाय, मेव्हणं. दारापलीकडचं सगळं ऐकू येत होतं मला. जायचंच होतं. तुम्ही गप्प बसला, ते मी माझ्या सोयीनं घेतलं."

ते खरं होतं, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे मला ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर आणखी तीन वर्षं ते होते. गेल्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवसांत ते गेले. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जुन्या दुखण्याशी याचा संबंध नाही. माणसं पुष्कळ आली. या वेळी, नेमकं झालं काय, असं कुणी विचारलं नाही.

क्लासच्या जागेत आता दुसऱ्या कुणाचा क्लास आहे. ताई त्याच घरात राहते. रविवारी मी तिच्याकडे जेवायला जातो. जेवण झालं, तरी आम्ही दोघं ताटावर बसून राहतो, हात वाळेपर्यंत.